चेंबरवरची एका हाताची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, निळी, प्लास्टिकची खुर्ची आहे. मला डावा हात नाही. तो कसा गेला ते सांगतेच, पण त्याहून सांगण्यासारखी गोष्ट ही, की एक अख्खा पावसाळा मी गटाराच्या तोंडावर उभी राहून काढला.

गरम साच्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या कितीतरी बहिणी एकीवर एक रचून ठेवलेल्या होत्या. टेम्पोत बसून आम्ही कळव्याला आलो, कमलेश मंडपवाल्याकडे. त्याने आमच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने ठसठशीत ‘क’ काढला. ‘क दिसला की खुर्ची माझी!’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग ती सलूनमध्ये दिसो नाहीतर कुणाच्या दारात, तो बोलत बोलत तिला उचलायचा आणि डोक्यावर घेऊन चालू लागायचा.

मी पुष्कळ सुख पाहिलं. बारशाला माझ्यावर बाळंतिणी बसल्या, हळदीत पोरं माझ्यावर उभी राहून नाचली, बुद्धजयंतीला खिरीची वाटी मांडीवर सांभाळत म्हाताऱ्या बसल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर इतकी भांडणं ऐकली, की विचारू नका. मग खोपटच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचे मामा कशावरून तरी खो खो हसले, सगळा भार त्यांनी डावीकडे टाकला आणि कडकन आवाज झाला. मामा सावरले. माझा हात गेला. लोकांनी मामांना पाणी दिलं. माझ्याकडे कोण बघतंय!

तुटकी खुर्ची भाड्याने कोण नेणार? मी गोदामाच्या कोपऱ्यात पडून राहिले.

आमच्या गल्लीच्या वळणावर, बालवाडीच्या वाटेवर, गटाराचं एक चेंबर आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पाण्याचा टँकर त्याच्यावरून गेला आणि झाकणाचे तुकडे झाले. तेव्हा कमलेशला माझी आठवण झाली. त्याने मला चेंबरवर उभं केलं, चार काठांवर चार पाय टेकवून, आणि हलू नये म्हणून वर एक दगड ठेवला. आपल्याकडे असंच करतात ना? खड्डा दिसला की झाडाची फांदी, नाहीतर बांबू, नाहीतर तुटकी खुर्ची.

समोरच्या बिल्डिंगमध्ये प्रियांका राहते. तिची मुलगी सान्वी चार वर्षांची. प्रियांका दुधाला उकळी यायच्या आधीच गॅस बारीक करणारी बाई. तिने पहिल्याच दिवशी माझ्या पायाला आपली जुनी लाल ओढणी करकचून बांधली, लांबून दिसावी म्हणून. माझे फोटो काढून महापालिकेत तक्रारही केली. एकदा माणसं झाकण घेऊन आलीसुद्धा. पण झाकण गोल आणि चेंबर चौकोनी! “मॅडम, दुसरं मागवतो,” म्हणाली, आणि गोल झाकण घेऊन परत गेली.

त्यानंतर कुणी फारसं विचारेनासं झालं. “खुर्ची आहे ना तिथे, मग झालं!” असं जो तो म्हणे. रिक्षावाले मला वळसा घालायचे. खरं सांगू? मलाही थोडा तोरा चढला. प्रियांकासुद्धा हळूहळू रोजच्या ऐवजी अधूनमधून फोन करू लागली.

सान्वीने मात्र माझं नाव ठेवलं खुर्चीताई. आजीचा, म्हणजे कलावतीबाईंचा हात धरून ती बालवाडीतून यायची, माझ्यापाशी थांबायची, पाठीवर थाप मारायची आणि “टाटा, खुर्चीताई” म्हणूनच पुढे जायची. आजीचे गुडघे दुखायचे, डोळे अधू, पण तेवढं थांबणं त्यांनाही बरं वाटायचं.

आणि मग आमच्या गल्लीचं काँक्रीट करायचं ठरलं. नारळ फोडायला मोठे साहेब येणार होते. सकाळपासून पाऊस होता. वळणावर पावलं बुडतील एवढं गढूळ पाणी साचलं होतं. मंडपात पाहुणे ठरल्यापेक्षा जास्त आले आणि कमलेशला पुढच्या रांगेत नेमकी एक खुर्ची कमी पडली. तो इकडेतिकडे बघत वळणावर आला. माझ्या पाठीवरचा ‘क’ दिसला.

“अर्ध्या तासात परत लावतो,” तो स्वतःशीच पुटपुटला. त्याने दगड बाजूला टाकला, मला उचललं, नळाखाली धुतलं आणि वरून पांढरं साटीनचं कव्हर चढवलं. मित्रांनो, किती दिवसांनी अंगावर कोरडं कापड आलं होतं! माझ्यावर साक्षात साहेब येऊन बसले. मी लाजेने आणि आनंदाने डुगडुगले. माझ्यामागे काय उघडं पडलं, हे क्षणभर मीही विसरले.

प्रियांका मागच्या रांगेत उभी होती. साहेबांना झाकणाचं विचारायचं, असं तिने मनाशी घोकून ठेवलं होतं. बोलायला पुढे आली आणि तिची नजर खाली गेली. पांढऱ्या कव्हरखालून लाल ओढणीचं टोक लोंबत होतं.

“कमलेशभाऊ, ही खुर्ची कुठून आणली?”

“माझीच आहे वहिनी. पाठीवर क...”

“साहेब, उठा!”

“अं?”

“उठा हो, पटकन!”

साहेब गळ्यातल्या हारासकट उठले. प्रियांकाने मला ओढलं आणि पळत सुटली. चपला मंडपातच राहिल्या. मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, साहेबांची खुर्ची नेली!” कमलेश म्हणत होता, “वहिनी, तुम्हाला दुसरी देतो की!” आणि मग एकदम त्याचाच आवाज फाटला, “अरे देवा, झाकण!”

बालवाडी सुटायची वेळ होऊन गेली होती.

वळणावर पाणी नुसतं सपाट पसरलं होतं. कुठे रस्ता आणि कुठे भोक, काही कळत नव्हतं. त्या पाण्यात सान्वी फतकल मारून बसली होती आणि तिने भोकाड पसरलं होतं. आजी एका हाताने छत्री धरून दुसऱ्या हाताने तिला ओढत होत्या.

“चल गो बाय! गेली असेल तुझी ताई जेवायला. भिजलीस बघ सगळी!”

“नाही! टाटा केल्याशिवाय मी नाही येणार!”

“आई, हलू नका!” प्रियांका किंचाळली. “आहात तिथेच थांबा!”

तिने मला पुढे धरलं आणि माझ्या पायांनी रस्ता चाचपत एकेक पाऊल टाकू लागली. ठक. ठक. मग माझा एक पाय खाली गेला आणि जातच राहिला. आजींच्या पावलाच्या अगदी पुढ्यात. कलावतीबाईंनी ते पाहिलं आणि त्याही मटकन पाण्यात बसल्या.

प्रियांकाने माझे चार पाय चार काठांवर टेकवले. वळसा घालून ती पलीकडे गेली आणि दोघींना तिने एकदमच मिठी मारली. सान्वीचं रडणं मात्र थांबलं होतं.

“आली! आई, खुर्चीताईने फ्रॉक घातलाय!”

रडता रडता प्रियांकाला हसू फुटलं. आजीही हसल्या. माझं कव्हर चिखलाने बरबटलं होतं, पण तेवढी सुंदर मी कधीच दिसले नसेन.

तोवर अख्खा मंडप तिथे येऊन पोचला. कमलेशने कान पकडले. “वहिनी, अर्ध्या तासासाठीच नेलेली हो.”

“अर्ध्या तासात माझं काय काय गेलं असतं, कमलेशभाऊ?” प्रियांका एवढंच म्हणाली.

साहेबांना मात्र आजींनी सोडलं नाही. “रस्ता मागाहून करा हो. आधी ते भोक बुजवा!”

साहेबांनी पाण्याकडे, माझ्याकडे पाहिलं. मग सोबतच्या माणसाला म्हणाले, “नारळ झाकण बसल्यावर फोडू. आणि चौकोनी आणा.”

संध्याकाळी झाकण आलं. ते येईपर्यंत कमलेश पावसात माझ्या शेजारी उभा होता, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करून बाजूने जायला सांगत. झाकण ‘खण्ण’ करून बसलं. टाळ्या वाजल्या. प्रियांकाने आधी एका पायाने दाबून पाहिलं, मग दोन्ही पायांनी उभी राहिली, आणि मगच सान्वीला उडी मारू दिली.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी खुर्ची रस्त्यात उभी दिसली, तर तिला हलवू नका. पण ‘ती आहे ना’ म्हणून स्वस्थही बसू नका. खुर्ची म्हणजे झाकण नव्हे. झाकण बसेपर्यंत विचारत राहा.

कमलेशने मला परत नेलं नाही. पाठीवरचा ‘क’ त्याने स्वतःच खरवडून काढला. आता मी प्रियांकाच्या बिल्डिंगच्या दारात असते, कोरड्या जमिनीवर. बालवाडीतून येताना कलावतीबाई माझ्यावर टेकतात, उजव्या हातावर भार देऊन. खूप दिवसांनी मी माझं खरं काम करते आहे.