माझ्या पाठीची सात भोके

मित्रांनो, मी एक जुने सिंहासन आहे. नाट्यगृहाच्या मागे सामानाची खोली आहे, तिथे कापडावर रंगवलेली दोन झाडे आणि एक चाक हरवलेली तोफ यांच्या शेजारी मी उभे असते. माझ्यावर आता फक्त धूळ बसते. पण एके काळी माझ्यावर राजे बसत, आणि तेही साधेसुधे नव्हेत.

माझा जन्म राजवाड्यात झाला नाही. कुठल्याशा यंत्राचे रिकामे खोके सुतारकाकांच्या हाती लागले. त्याच्या फळ्यांवर त्यांनी रंधा मारला आणि चार दिवसांत मला उभे केले. वरून सोनेरी रंग दिला, आसनाला लाल मखमल लावली. मला उलटे करून पाहिलेत तर आसनाखाली अजूनही छापील अक्षरे दिसतील, ‘काळजीपूर्वक हाताळा’. पण सिंहासन उलटे करून कोण पाहतो? पहिल्याच प्रयोगाला पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, की लाकूड अस्सल शिसवी दिसते. तेव्हापासून मला जो ताठा चढला, तो बरीच वर्षे उतरला नाही.

आमच्या नाट्यगृहात शोकांतिका फार होत. माझ्यावर बसलेला एकही राजा शेवटी सुखाने उठून गेला नाही. एकाकडे सगळे राज्य होते, पण त्याचा डोळा शेजाऱ्याच्या फळबागेवरच. एका राणीने एक अपमान इतकी वर्षे मनात जपला, की शेवटी तिचे स्वतःचे घरच त्यात जळाले. एकाच्या डोक्यात संशय शिरला आणि काही केल्या बाहेर पडेना. सुरुवातीला मला वाटे, ही माणसे दुष्ट असणार. पण रोज इतक्या जवळून पाहिल्यावर कळले, की तसे नव्हते. ती शूर होती, उदार होती, मुलांवर जीव टाकणारी होती. प्रत्येकात एकच खोट होती. ती नाट्यगृहातल्या सगळ्यांना दिसे, फक्त त्या राजाला दिसत नसे.

सर्वांत जास्त चालले ते पुलाचे नाटक. त्यातला राजा नदीवर पूल बांधतो. पाथरवट त्याला सांगतो, की पाया कच्चा आहे. राजाला वाटते, माझ्या पुलाला नावे ठेवणारा हा कोण? तो पाथरवटाला हाकलून देतो. पुलावरून पहिला घोडा राजाच्या मुलाचा जातो, आणि पुढे काय होते ते तुमच्या लक्षात आलेच असेल. शेवटी राजा माझ्यावर एकटा बसतो आणि म्हणतो, ‘मला सांगितले होते. मी ऐकले नाही.’ तेव्हा माणसे रुमाल शोधू लागत.

हा राजा दादा करत. दादा आमच्या मंडळींतले सर्वांत मोठे नट. त्यांच्या आवाजाने माझ्या फळ्या थरथरत. नाकावर माशी बसू देत नसत, पण काम मात्र जीव ओतून करत. पुढे वय झाले. गुडघे कुरकुरू लागले, म्हणून दिग्दर्शकाने राजाला सगळ्या अंकांत माझ्यावर बसवूनच ठेवले. गुडघ्यांचे असे निभावले, पण आठवणीचे काय करणार? ऐन वाक्यात दादांना शब्द सापडेनासा झाला. विंगेतून कोणी सांगितले तर साऱ्या मंडळींना कळणार, आणि ते दादांना मुळीच चालणार नव्हते.

तेव्हा त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीला गाठले. तिला सगळे अक्का म्हणत. अक्का आमचा कपडेपट सांभाळत. शिवणयंत्रावर बसून इतकी वर्षे तालमी ऐकल्यामुळे त्यांना सगळी नाटके तोंडपाठ होती. दादांनी सुतारकाकांना बोलावले. काकांनी माझ्या पाठीवरच्या कोरीव फुलात, दादांच्या कानाच्या उंचीला, सात बारीक भोके पाडली. तेव्हापासून अक्का माझ्यामागे काळ्या पडद्याच्या आड एका स्टुलावर बसू लागल्या. दादा अडखळले, की मान माझ्या पाठीला टेकवत. अक्का भोकांना तोंड लावून फक्त पहिला शब्द सांगत. पहिला शब्द मिळाला, की पुढचे वाक्य दादांना आपोआप सापडे.

असे अकरा वर्षे चालले. प्रेक्षकांना वाटे, राजा मान मागे टाकून विचार करतो आहे. वर्तमानपत्रात त्या मान टेकवण्याचेही कौतुक छापून आले. अक्कांनी ते कात्रण जपून ठेवले. आपले नाव कुठे यावे, असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. मीही गप्प राहिले. माझे खोके कोणी ओळखले नव्हते, त्यांचे गुपित मी कशाला फोडू?

मग पाचशेव्या प्रयोगाला दादांचा सत्कार झाला. पाहुण्यांनी विचारले, की या वयात एवढी वाक्ये लक्षात कशी राहतात? अक्का शेजारीच उभ्या होत्या, दादांचा पुष्पगुच्छ हातात धरून. दादा हसले आणि म्हणाले, “आजवर कुणालाही मला एक शब्दसुद्धा सांगावा लागलेला नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अक्कांनीही पुष्पगुच्छ काखेत धरून टाळ्या वाजवल्या. नंतर सगळे जेवायला गेले, तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या. नाटकाची वही त्यांनी माझ्या आसनावर ठेवली, पुष्पगुच्छ वहीवर ठेवला आणि त्या घरी गेल्या. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढच्या प्रयोगाला स्टूल रिकामे होते. दिग्दर्शकाने विचारले, की विंगेत कोणी बसवू का? त्यालाही थोडी कुणकुण लागली असावी. दादा म्हणाले, गरज नाही. तिसऱ्या अंकात पाथरवट आला आणि म्हणाला, “महाराज, पाया कच्चा आहे.” दादांनी उत्तर द्यायचे होते. त्यांनी मान मागे टेकवली. मी थांबले, तेही थांबले. पाथरवटाने बिचाऱ्याने तेच वाक्य तीनदा म्हटले. दादांच्या मानेचा घाम माझ्या फुलात उतरला. मला शब्द माहीत होता, पण लाकडाला बोलता येत नाही. शेवटी पडदा पाडला. लोक ओरडले असते तर दादांनी ते सोसले असते. पण लोक हळूच उठले आणि एकमेकांकडे न बघता निघून गेले.

दोन दिवसांनी सुतारकाकांनी अक्कांना निरोप धाडला, की तुमचे स्टूल दुपारी चारला घेऊन जा. दादांनाही त्यांनी कळवले, की सिंहासनाचा पाय हलतो आहे, चारच्या सुमारास येऊन बघा. माझा पाय मुळीच हलत नव्हता. काका स्वतः मात्र त्या दुपारी कुठे दिसले नाहीत.

अक्का मागच्या दाराने आधी आल्या. पिशवी मांडीवर घेऊन त्या घटकाभर स्टुलावर टेकल्या. तेवढ्यात पुढून दादा आले. पडद्यामुळे त्यांना अक्का दिसल्या नाहीत. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि जणू मीच अक्का असल्यासारखे माझ्याशी बोलू लागले.

“अक्का, घडल्या प्रकाराबद्दल मला अतीव खेद होतो,” ते राजाच्या आवाजात म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. दुसऱ्यांदा म्हणाले, की सत्काराच्या गडबडीत तोंडून निघून गेले. तेही त्यांना पटले नाही. पाचशे वेळा ज्यांनी माझ्यावर बसून चूक कबूल केली होती, त्यांना स्वतःच्या आवाजात ती करता येईना. ते थकून माझ्यावर बसले आणि सवयीने मान मागे टेकवली.

“अक्का, मी...” एवढेच ते म्हणाले. पुढे शब्द नाही.

अक्कांना निघून जाता आले असते. पण त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी भोकांना तोंड लावले.

“खोटं,” त्या हळूच म्हणाल्या.

“खोटं बोललो,” दादा म्हणाले. अकरा वर्षांची सवय ती. मग ते थबकले. मागे वळून पाहायचे धाडस त्यांना झाले नाही. पुढचे मात्र त्यांचे तेच बोलले. “तू सांगायचीस म्हणून मी राजा होतो. लोकांसमोर म्हणायची लाज वाटली मला.”

माझ्यामागे अक्कांनी नाक पुसले.

“दादा, हे नीट पाठ कर,” त्या म्हणाल्या. “रविवारी प्रयोगाआधी लोकांसमोर म्हणायचंय. तेव्हा मी सांगणार नाही.”

रविवारी दादा ते म्हणाले. दोनदा अडखळले, पण पुरे केले. त्या दिवसापासून अक्का माझ्या शेजारी, सगळ्यांना दिसेल अशा खुर्चीत, वही घेऊन बसू लागल्या. दादा शब्द विसरले की उघड त्यांच्याकडे पाहत. प्रेक्षकांचे काही बिघडले नाही. रुमाल पूर्वीइतकेच निघत. पुलाच्या राजाला सगळे शेवटच्या अंकात कळते, तेव्हा त्याचा मुलगा गेलेला असतो. दादांना जरा आधी कळले, एवढाच काय तो फरक.

आता दादाही नाहीत आणि अक्काही नाहीत. परवा नवा सुतार मला बघून गेला. म्हणाला, लाकूड खोक्याचे आहे पण बरे आहे, रंग देऊ आणि ही भोके लांबीचा लगदा भरून बुजवू. त्याने मला उलटे केले तेव्हा खालची अक्षरे वाचून तो हसला. मला त्याचे वाईट वाटले नाही. माझा ताठा कधीच उतरला आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी त्याला भेटलात तर माझा एवढा निरोप द्या. रंग हवा तो दे, मखमल काढून साधे कापड लाव, पण ती सात भोके राहू दे. आणि तुमच्यामागेही कोणी हळू आवाजात काही सांगत असेल, तर मान जरा मागे टेका. तुमच्या पुलावर अजून कोणी चढलेले नाही.