सासू-सून एक झाल्या

बंदराच्या तोंडाशी दोन जुने दीपस्तंभ होते. टेकडीवरच्या उंच, जाडजूड स्तंभाला सगळे सासू म्हणत आणि खाली खडकांत उभ्या बुटक्याला सून. वाटाड्या बाई दर रविवारी पाहुण्यांना सांगायच्या, "बांधणाऱ्याच्या घरात सासू-सुनेचं अजिबात पटत नव्हतं. बिचाऱ्यानं कंटाळून दोघींना वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं. दारं बघा, एकीचं इकडे, एकीचं तिकडे!" लोक पोट धरून हसत, आणि बाईंचा आठवडा गोड होई.

आता तिथे माहितीची पाटी लागणार होती. मजकूर लिहायचं काम आलं नेमकं बाईंच्याच सुनेकडे. ती संग्रहालयात कामाला होती.

"आई, भांडणाचं कुठेच काही सापडत नाही हो. दोन्ही स्तंभ एकदमच बांधलेत, एकाच गवंड्यानं."

"म्हणजे इतकी वर्षं मी थापा मारल्या?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"तू नको म्हणूस, पाटी म्हणेल. लोक ती वाचणार नि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसणार. त्यापेक्षा मी घरी बसून शेंगा सोलते!"

सुनेने टिपणं पुन्हा चाळली. नाव कशावरून पडलं हे तिलाही उमगत नव्हतं, आणि नुसतं बांधकामाचं साल वाचायला कोण थांबणार होतं?

पाटीसाठी समुद्रातून फोटो हवा होता. बाईंचे दीर होडी चालवायचे. "वहिनी, तुम्हीही चला," ते म्हणाले, "की अजून पोटात ढवळतं?" लग्न होऊन आल्यापासून बाईंनी धक्का ओलांडला नव्हता. पण आज त्या हट्टाने चढल्या. एका हातात होडीची कड, दुसऱ्यात सुनेचं मनगट.

बरंच आत गेल्यावर दिरांनी होडी वळवली. किनाऱ्यावर दोन्ही स्तंभ एकमेकांपासून लांब दिसत होते. होडी तिरपी सरकू लागली तशी धाकटी हळूहळू थोरलीकडे निघाली, हाक ऐकून माजघरातून यावी तशी, आणि थेट तिच्यापुढे येऊन उभी राहिली. खाली सून, वर सासू. मध्ये फटसुद्धा नाही.

"झाल्या सासू-सून एक," दीर सवयीने बोलून गेले. "आता सरळ आत. दोन्ही बाजूंना खडक आहेत. धाकटी जरा सरकली, की आपणही तिकडेच सरकायचं."

"भावोजी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"आम्हा होडीवाल्यांचं हे रोजचंच. तुम्ही रविवारी गंमत करता असं वाटायचं मला."

बाई पोटातलं ढवळणं विसरल्या. होडी त्या रेघेवरून घरी निघाली, तशा गुणगुणू लागल्या:

सासू उभी टेकावरी, सून खडकाच्या पाशी
दोघी येता एका ओळी, होडी लागते काठाशी

"आई, पुन्हा म्हणा ना," सून फोटो काढायचा सोडून म्हणाली. "पाटीवर हेच घालते."

पाटी लागली. त्या रविवारी बाईंनी आधी भांडण सांगितलंच, जीव ओतून. लोक हसून घेईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "हे झालं जमिनीवरून. आता पाण्यावरून ऐका."

शेवटी एका चष्मेवाल्याने मिस्कीलपणे विचारलं, "आणि बाई, तुमचं पटतं का हो सुनेशी?"

"ते," बाई म्हणाल्या, "तुम्ही कुठून बघता त्यावर आहे."