उष्ट्या दहीभाताचा चमत्कार

म्हैसूरच्या बन्नीमंटपातल्या आमच्या गल्लीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. खंडोजीरावांच्या वरलक्ष्मीला कांजिण्या झाल्या होत्या. गल्लीच्या भाषेत, घरी अम्मा आली होती. दाराला कडुलिंब बांधला होता आणि ओसरीवर शेषगिरीस्वामी त्या पोरीच्या ताटातला उष्टा दहीभात मिटक्या मारत खात होते.

"माझं भस्म लावा, अम्मा तुमच्याकडं वळूनसुद्धा बघणार नाही!" स्वामी गरजले. त्यातलाच घास प्रसाद म्हणून देण्याआधी ते प्रत्येकाला एवढंच विचारत, "लहानपणी अम्मा येऊन गेली का?" 'हो' म्हणेल त्याला घास. 'नाही' म्हणेल त्याची आज वेळ बरी नाही. मागच्या साथीत हा घास खाल्लेल्या एकालाही फोड आला नव्हता, म्हणून लोक भारावले होते. मी शाळामास्तर, माझं डोकं फिरलं होतं.

तेवढ्यात नर्मदाबाईंनी सुनेला, वनजाला, पुढं ढकललं. तिला दिवस गेले होते.

"हिला येऊन गेली?"

"गेली की, स्वामी!" उत्तर नर्मदाबाईंनीच दिलं.

"अत्ते, बेडा... नको हो!" वनजा रडवेली झाली. स्वामींनी तिच्या कपाळाला भस्म फासलं, घास उचलला. तोच आमच्या डॉक्टर कृष्णवेणी गर्दीतून घुसल्या आणि त्यांनी वनजाचं मनगट घट्ट धरलं.

"नर्मदाबाई, खरं सांगा. हिला कांजिण्या झाल्यात कधी?"

"नाही हो डॉक्टर. खोटं बोलले मी. नातवाला आशीर्वाद मिळेल म्हणून..."

"ऐकलंत, स्वामी? भस्म तर लावलंय. भरवा आता!"

स्वामींनी हात मागं घेतला आणि ताटही ओढलं.

"आज... वेळ बरी नाही."

"यांना सगळं ठाऊक आहे," डॉक्टर कडाडल्या. "कांजिण्या होऊन गेल्या की त्या विषाणूशी लढलेल्या बहुतेक पेशी मरतात. थोड्या मात्र वर्षानुवर्षं शरीरात राहतात आणि त्याला विसरत नाहीत. तो पुन्हा शिरला की त्या भराभर वाढतात, आजार उठायच्या आत त्याला गाठतात. तुम्हाला वाचवलं ते या स्मृतिपेशींनी. स्वामींनाही! वनजाकडं त्या नाहीत. आत्ता लागण झाली तर तिच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं."

नर्मदाबाईंनी पदरानं सुनेच्या कपाळावरचं भस्म खसाखसा पुसलं आणि तिला तडक घरी नेलं. स्वामी चपला सोडून मागच्या दारानं पसार झाले.

चमत्कारानं वाचलेली माणसं कुणी दाखवली, तर त्यांना निवडलं कसं, हे आधी विचारा. आम्हाला विचारायला एका घासाचा उशीर होणार होता.