पाइपमधली बडबड

माझी थोरली बहीण ब्रेल छापखान्यात प्रोग्रॅम लिहिते. माझी शाळेची पुस्तकं तिथलीच. मी जन्मापासून आंधळा, आणि नुकताच गणितात नापास झालेला. "पुस्तकातली गणितंच चुकीची आहेत," असं मी घरी वर्षभर कानीकपाळी ओरडलो. बाबा म्हणाले, निमित्तं शोधतोस. ताई म्हणाली, तुझ्या प्रतीचे ठिपके झिजले असतील. याचा मला भयंकर राग होता. आता सोमवारी फेरपरीक्षा, म्हणून गणिताच्या पुस्तकाची नवी प्रत घ्यायला मी छापखान्यात जाऊन बसलो.

पण छपाईचं यंत्र गप्प होतं. ताईचा पायथन भाषेतला प्रोग्रॅम मजकुराचं ब्रेल करणारा दुसरा एक प्रोग्रॅम सुरू करतो आणि तो संपेपर्यंत थांबतो. आज तो संपायचं नावच घेईना.

"जिवंत आहे, पण काम काडीचं करत नाही," ताई पुटपुटली. तिने तो मारून पुन्हा सुरू केला. परत तिथेच रुतला.

व्यवस्थापकांना सगळे फटाफट म्हणतात. ते येऊन उभे राहिले. "बाकीची पुस्तकं होतात, हेच कसं अडतं?"

"याच्यावर तो प्रोग्रॅम फार बडबडतोय, सूचनांवर सूचना टाकतोय," ताई म्हणाली. "पूर्वी आपण ती बडबड फेकून द्यायचो. यंदा मी ती पाइपमध्ये, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या नळीत घेतली, काम संपल्यावर वाचू म्हणून. पाइप भरला, त्याला पुढची ओळ टाकायला जागाच नाही. आता मी त्याच्या संपण्याची वाट बघतेय आणि तो माझ्या वाचण्याची."

"मग दे फेकून! फटाफट छापून होईल."

"होईल. पण एवढं काय सांगतोय ते ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

व्यवस्थापक पाय आपटत निघून गेले. खरं तर मीही वैतागलो होतो. मला पुस्तक हवं होतं.

तिने प्रोग्रॅम बदलला. तो बोलेल तसतशी प्रत्येक ओळ लगेच वाचायची. मग ती मोठ्याने वाचू लागली, "वर्गमुळाचं चिन्ह ओळखलं नाही, वगळलं. वर्गमुळाचं चिन्ह ओळखलं नाही, वगळलं..."

"म्हणजे सोळाच्या वर्गमुळाऐवजी मी नुसते सोळा वाचत होतो," मी म्हणालो.

"तू सांगत होतास."

"वर्षभर."

हा क्षण आला की तिला चांगलं फैलावर घ्यायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. पण ती रडत होती आणि रडता रडता टाइप करत होती, तेव्हा मी खुर्ची जवळ ओढून बसलो. तिने ते चिन्ह प्रोग्रॅमला शिकवलं. यंत्र खडखडू लागलं आणि पहिल्याच पानावर वर्गमूळ माझ्या बोटाला लागलं.

"फटाफट," तिने हाक मारली, "हे पुस्तक ज्या ज्या मुलाकडे गेलंय, त्याला नवी प्रत जाणार. शाळांना मी स्वतः कळवते."

मग तिने बाबांना फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"सांग," बाबा म्हणाले, "पहिल्यापासून सांग. ऐकतोय मी."