पांढरं पडलेलं फूल

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मांत्रिक बाबाने ओलं लालभडक फूल सगळ्यांना दाखवलं, राखेच्या मडक्यात सोडलं आणि मडक्याचं तोंड फडक्याने बांधलं. पुटपुटणं, डोळे फिरवणं, मधूनच किंकाळी, सगळं यथासांग झालं. फडकं सुटलं तेव्हा फूल पांढरंफटक!

“रक्त प्यायली!” बाबा गरजला. “डोंगरावरचं रान हिनंच वाळवलं. हिला गावाबाहेर काढा!”

बोट होतं जंगलाच्या कडेला एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे. गावच्या डॉक्टरीणबाईंची ती सख्खी मावशी. बाई हादरल्या, पण मनात पाल चुकचुकली ती वेगळ्याच गोष्टीने. फडकं सुटताच पुढची माणसं खोकली होती. वारा खालच्या तांब्याच्या कारखान्याकडून आला की दवाखान्यात अगदी हाच घसा सोलणारा खोकला यायचा. आणि हा बाबा कारखान्याच्या गाडीतून का उतरला होता?

“मडकं बघू जरा.”

“हात लावशील तर जळशील!”

“जळले तर मलम आहे माझ्याकडे.”

त्यांनी राख उकरली. खाली पिवळा खडा धुमसत होता. गंधक! तोच त्यांनी दवाखान्यातून मागवलेल्या काचेच्या बरणीत पेटवला, वर ओलं लाल फूल टांगलं आणि झाकण लावलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फूल पांढरं पडत गेलं.

“मला तर एकही मंत्र येत नाही,” बाई म्हणाल्या. “कारखान्यात भाजतात त्या खनिजातही गंधक असतो. त्याचा धूर धुक्यात मिसळतो, त्याचं आम्ल होतं. माथ्यावर धुकं रेंगाळतं, म्हणून तिथली झाडं आधी वाळली. मातीतलं सत्त्व धुऊन जातं, मुळं खंगतात, मग किडीचं फावतं. वाऱ्याच्या आडोशाची झाडं मात्र हिरवीगार! मावशी काय वारा बघून करणी करते?”

बाबा गाडीकडे सटकला. ‘कोणी पाठवलं?’ असं कुणी ओरडलं, तेव्हा त्याने गाडीचं दार लावून घेतलं.

“कालपर्यंत माझ्याकडचा मध चाटत होतात,” मावशी एवढंच बोलली. माना खाली गेल्या.

“म्हणजे कारखाना बंद? मग आम्ही खायचं काय?” भट्टीवरचा कामगार उसळला.

“बंद कशाला? धुरातला गंधक अडवणारी यंत्रं असतात, ती बसवायला लावू. रान गेलं तर पावसात डोंगराची माती आपल्या घरात येईल. चमत्कार दिसला की हात जोडू नका, ‘कसा केला?’ म्हणून विचारा. उद्या कारखान्यालाही विचारायचंय. कोण येतंय?”

मग कामगारच उठला.

“माझी पाळी सकाळचीच आहे. फाटकावर भेटतो.”