काजळीची पकड

मी एक काळी पट्टी बोलतेय. काळी म्हणून हिणवू नका. तो काळेपणा म्हणजेच माझ्या नसा.

परदेशात शिकून परतलेल्या पाटणच्या क्रांतीनं मला कराडच्या एका कॉलेजात घडवलं. नुसत्या प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, म्हणून तिनं माझ्यात बारीक काजळी घोटली. कणाला कण भिडला आणि विजेला वाट मिळाली. वीज सोडली की मी तापते, मऊ होते आणि शिकवलेल्या आकाराकडं वळते. निवले की दगड.

तो आकार मी माणच्या धुळातात्यांच्या मनगटावर शिकले. मेंढरांसाठी डहाळ्या तोडताना तात्या बाभळीवरून पडले, तेव्हापासून हात मनगटातून लुळा; मनगट सावरलं तरच बोटांना पकड. चटका बसू नये म्हणून क्रांतीनं मला आतून त्यांच्याच घोंगडीचं अस्तर लावलं.

"पोरी, काठी धरता यील नव्हं?"

"येईल की. हिला तुमचा हात पाठ झालाय, तात्या."

मग कॉलेजच्या प्रदर्शनात दाखवायचं म्हणून तिनं मला तापवून सपाट केलं आणि कपाटात ठेवलं. तिथून विभागप्रमुख नानासोंनी मला उचललं. प्रदर्शनात शाल-श्रीफळ घेऊन म्हणाले, "हे माझं संशोधन!" तात्या पुढं आले, तर नानासो कुजबुजले, "त्याला मागं बसवा, मेंढरांचा वास येतोय."

मी ऐकलं. तापायला मला वीज लागते. राग मी गारही साठवते.

नानासोंनी मला स्वतःच्या गुबगुबीत मनगटावर ठेवून बटण दाबलं. मी वळले, पण तात्यांच्या काटकुळ्या मनगटाएवढी! ते ओरडले आणि घाबरून वायरच उपटली. मग काय, निवले. दगड झाले.

"क्रांती, सोडव गं!"

"सोडवते, सर. वीज लावली की मऊ होईल. आधी पट्टी कुणाची ते माईकवर सांगा."

"तुझी! तुझीच गं बाई!"

मागून तात्या म्हणाले, "आन् मनगाट कुनाचं, त्ये बी सांगा की!"

"धुळाचं..."

मी तसूभर हलले नाही.

"धुळातात्यांचं!"

सभागृह हसलं. क्रांतीनं वायर जोडली.

आता मी माणच्या माळावर, तात्यांच्या हातावर असते. त्यांची बोटं काठी धरतात. नानासोंच्या मनगटावरचा वळ म्हणे गेला. जाऊ दे. माझ्यातला गेलेला नाही.

तेव्हा मला सपाट करून खिशात घालणाऱ्यांनो, खुशाल घाला. फक्त बटण दाबू नका.