घरी कोणती भाषा बोलता?

ह्या परक्या देशात मी शाळेतली सफाईवाली, त्यामुळे कोपऱ्यातली ती खोली सगळ्यांत आधी मीच पाहिली. बारा बुटक्या खुर्च्या, भिंतभर चित्रं आणि नव्या बाई. ज्या मुलांना इंग्रजी येत नाही त्यांना शाळा सुटल्यावर तिथे तासभर शिकवणार होत्या. पण स्टाफरूमचं दार पुसताना एक मास्तर हसत म्हणाले, "झाली कच्च्या पोरांची सोय!" एवढं इंग्रजी मला कळतं. माझं टाळकंच सटकलं. माझी पोर आणि कच्ची?

पोर सहा वर्षांची, त्याच शाळेत. तोंडाची टकळी कधी बंद नाही, म्हणून तिचे बाबा तिला रेडिओ म्हणायचे. पण सगळं आपल्या भाषेत. इंग्रजीच्या नावानं बोंब.

त्या खोलीत कुणाला बसवायचं ते ठरवायला शाळेतून फॉर्म आला. 'घरी कोणती भाषा बोलता?' मी ठसठशीत खूण केली, इंग्रजी. ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, आपल्याला तरी धड येतं का?"

"येईल. आजपासून घरात इंग्रजीच. म्हणजे खोटं नाही ठरणार."

आणि लागले की हात धुऊन पोरीच्या मागे! आपल्या भाषेत तिनं तोंड उघडलं की मी तिच्या ओठांवर बोट ठेवायची. आधी तिला खेळच वाटला, बोट चावायची. मग चावेना. मग बोलेना. "बघा, कशी शहाणी झाली," असं वर मीच ह्यांना ऐकवलं. आई कसली, कसाई मी.

शाळा सुटल्यावर माझं काम आटपेपर्यंत ती त्या खोलीबाहेर उभी असायची. आत नव्या बाई चित्रं दाखवायच्या, पोट दुखतं, दात दुखतो, आणि मुलं एका सुरात ओरडायची. एकदा बाई बाहेर आल्या. "एक खुर्ची रिकामी आहे. हिला बसवू का?"

"हिला येतं सगळं," मी म्हटलं आणि बादली उचलली.

परवा सकाळी तिला उठवायला गेले तर उशीवर पू. डाव्या कानातून आलेला.

डॉक्टरांनी कान तपासला. "आठ-दहा दिवस ठणकत असणार. आत बरंच खराब झालंय. ह्या कानानं आता पूर्वीसारखं ऐकू येईल असं वाटत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काहीच बोलली नाही ती?"

शाळेत बोलायला तिच्याकडे शब्द नव्हते आणि घरात मी होते.

बाहेरच्या बाकावर तिला मांडीवर घेतलं आणि मला रडू आवरेना. किती दिवसांनी आपल्या भाषेत म्हटलं, "बाळा, फार दुखलं का गं? सांग ना मला. कसंही सांग."

तिनं दचकून इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग हळूच माझ्या ओठांवर बोट ठेवलं.